कानानं घाबरायचा महिना

मेपलची पानं परत लाल व्हायला लागलीयत, शेजारच्यांनी गराजमधून १२ फुटी सांगाडा काढून लॉनवर उभा केलाय, आणि मला सारखा २०२४चा ऑक्टोबर आठवतोय. सगळं डोक्यात ताजं आहे तोवर लिहून काढते.

आम्ही राहतो न्यू जर्सीत, प्रिन्स्टनला लागून वेस्ट विंडसर आहे तिथे. मी मूळची वेंगुर्ल्याची, नवरा पुण्याचा, लेक इथलाच, तेव्हा ११ वर्षांचा, सहावीत. हॅलोविन आमच्याकडे दरवर्षी व्हायचं, पण म्हणजे काय तर दुकानातून आणलेला ड्रेस, कँडीची बादली आणि दुसऱ्या दिवशी दुखणारं पोट. मला मात्र ह्या दिवसांत संध्याकाळी लवकर अंधारायला लागलं, वाळक्या पानांचा वास सुटला की पोटात काहीतरी हलतं. कारण नेमक्या ह्याच दिवसांत आमच्याकडे नरकासुर बनायचे.

ज्यांनी नरकासुर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. गोव्यात आणि आमच्या दक्षिण सिंधुदुर्गात दिवाळीच्या आधी वाडीवाडीतली पोरं बांबूचा सांगाडा बांधतात, त्यात गवत भरतात, वरून जुने पेपर खळीनं चिकटवतात, रंग फासतात, आणि शेवटी मुखवटा चढवतात. लाल डोळे, सुळे, लोंबणारी जीभ, ह्या कानापासून त्या कानापर्यंत मिशा. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्रभर त्याला मिरवतात आणि पहाटे जाळतात. मी सहा-सात वर्षांची असताना आमच्या वाडीचा नरकासुर शेजारच्या पडवीत उभा असायचा, मुखवटा अजून चढलेला नसायचा, आणि मला त्या बिनडोक्याच्या धडाचीच जास्त भीती वाटायची. रात्री झोपले की लांबून ढोल ऐकू यायचे, आधी खालच्या वाडीतून, मग जरा जवळून, मग अगदी आमच्या गडग्यापाशी, आणि मी आजीच्या लुगड्यात तोंड खुपसून पडायचे. बघायची हिंमत नसायची, पण ऐकल्याशिवाय राहवायचं पण नाही. ती भीती इतकी गोड होती की आज ४०शी उलटली तरी मला ती हवीशी वाटते.

तर २०२४ला मी ठरवलं, की ह्या ऑक्टोबरात रोज रात्री जेवणं झाली की अर्धा-एक तास काहीतरी भुताचं, जुनं, तिघांनी मिळून बघायचं. एक दिवस इथलं, एक दिवस आपलं. लेकाला म्हटलं तुझ्या आईबाबांना लहानपणी कशाची भीती वाटायची ते बघ तरी.

सुरुवातीचे दिवस मजेत गेले पण भीती काही वाटेना. १९३१चा फ्रँकेन्स्टाइन लावला, काळापांढरा, बोरिस कार्लॉफवाला. त्यात तो राक्षस तळ्याकाठी एका छोट्या मुलीबरोबर पाण्यात फुलं टाकत बसतो तो सीन आहे ना, तिथे लेकाला भीती नाही वाटली, वाईट वाटलं, त्याचं त्याला कळेना असं का झालं. मग चार्ली ब्राउनचं १९६६चं हॅलोविन स्पेशल, ज्यात लायनस रात्रभर भोपळ्यांच्या शेतात ग्रेट पंपकिनची वाट बघत थांबतो, ते त्याला इतकं आवडलं की दोनदा बघितलं. आमच्या बाजूनं झी हॉरर शो काढला, रामसे बंधूंचा, १९९३ला आला तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि नुसतं टायटल म्युझिक सुरू झालं की चुलत भावंडं सगळी एका चादरीत. लेक म्हणाला, "आई, हा तर रबरी मास्क आहे." आहेच की रबरी. आम्हाला तेव्हा दिसत नव्हता. झपाटलेला मात्र त्यानं पोट धरून हसत बघितला आणि तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्यांनी बनवला होता हे सांगितल्यावर त्यांचे शब्दभ्रमाचे व्हिडिओ शोधत बसला, हे मला फार बरं वाटलं.

पण घाबरणं काही नाही. आजकालच्या पोरांनी स्क्रीनवर इतकं बघितलेलं असतं की दिसणाऱ्या भुताचं त्यांना काही वाटत नाही. बघितलं की लगेच कळतं हे कसं बनवलंय.

मग एक गोष्ट झाली. मायकल जॅक्सनचं थ्रिलर हे गाणं इथे ऑक्टोबरात प्रत्येक दुकानात वाजत असतं, त्याला ते पाठ होतं. मी त्याला सांगितलं की मी हे गाणं बघायच्या कितीतरी आधी ऐकलं होतं, माझ्या मुंबईच्या मावसभावानं कॅसेट आणली होती आणि लाइट गेलेले असताना बॅटरीच्या टेपरेकॉर्डरवर लावली होती. शेवटी व्हिन्सेंट प्राइस ह्या भयपटांतल्या नटाचा तो आवाज येतो, आणि मग ते हसणं. आम्हाला इंग्रजी एक शब्द कळत नव्हता. ते हसणं संपल्यावर कुणी बोललंच नाही, आणि कंदील आणायला आत कोण जाणार ह्यावरून रडारड झाली. लेक म्हणाला मग आपण पण तसंच ऐकू. दिवे बंद केले, त्याच्या कानाला हेडफोन दिले. हसणं आलं तेव्हा त्यानं एकदम डोळे उघडले आणि मागे वळून बघितलं. मागे आमचं फ्रिज.

तेव्हा मला कळलं की मी चुकीच्या दारातून आत शिरायला बघत होते. मी स्वतः तरी काय बघून घाबरले होते? ढोल ऐकून घाबरले होते. आजीच्या गजाली ऐकून घाबरले होते. बाबा रात्री रेडिओवर नभोनाट्य ऐकायचे, आमच्याकडे पणजी केंद्र छान लागायचं, त्यातला दार करकरल्याचा आवाज मला अजून आठवतो, नाटक कुठलं ते आठवत नाही.

आणि रेडिओवरून डोक्यात प्रकाश पडला, अरे, आपण राहतो कुठे!

ग्रोव्हर्स मिल आमच्या वेस्ट विंडसरमध्येच आहे. घरापासून गाडीनं सात मिनिटं. ३० ऑक्टोबर १९३८, रविवार, रात्री ८ वाजता सीबीएस रेडिओवर ऑर्सन वेल्सच्या नाटकमंडळीनं एच. जी. वेल्सच्या 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' कादंबरीवरून एक तासाचं नभोनाट्य केलं, आणि त्यात मंगळावरचं यान येऊन पडतं ते ह्या ग्रोव्हर्स मिलच्या शेतात. ऑर्सन वेल्स तेव्हा २३ वर्षांचा होता, म्हणजे पोरगाच. स्क्रिप्ट लिहिणाऱ्या हॉवर्ड कोचनं नंतर सांगितलं की त्यानं न्यू जर्सीचा नकाशा पसरला, डोळे मिटून पेन्सिल टेकवली आणि टोक ह्या गावावर पडलं. सगळं नाटक बातम्यांसारखं रचलेलं, त्यामुळे ज्यांनी सुरुवातीची अनाउन्समेंट ऐकली नाही त्यातल्या काही लोकांना ते खरं वाटलं. सगळा देश रस्त्यावर धावत सुटला वगैरे जे सांगतात ते पेपरवाल्यांनी बरंच फुगवलेलं होतं असं अभ्यासकांनी नंतर दाखवून दिलंय, पण काही घरांतून माणसं खरंच घाबरली होती. आम्ही नऊ वर्षं इथे राहतोय आणि मी ग्रोव्हर्स मिलच्या तळ्याकाठी कितीतरी वेळा फिरायला गेलेय, पण ते नाटक एकदाही ऐकलं नव्हतं.

ठरलं. ३० तारखेला, बरोबर ८ वाजता, अंधारात. तोपर्यंत त्यातलं काही शोधायचं नाही अशी लेकाकडून शपथ घेतली.

मधल्या काळात भोपळा. ह्यावर थोडं सविस्तर लिहिते कारण आमचा पहिला भोपळा वाया गेला आणि दुसरा चांगला झाला, तर कुणाला उपयोग होईल.

पहिला कोरला १२ तारखेला, त्या दिवशी दसरा होता, हत्यारांची पूजा असते म्हणून भोपळा कोरायच्या छोट्या करवतीला पण हळदकुंकू लावलं, छान वाटलं. पण कोरलेला भोपळा साधारण आठवडाभर टिकतो, आणि त्यात हवा गरम असली तर तेवढाही नाही. त्या वर्षी थंडी पडतच नव्हती, पावसाचा तर थेंब नाही, तो ऑक्टोबर न्यू जर्सीच्या नोंदींमधला सगळ्यात कोरडा महिना ठरला, शेवटी शेवटी तर घरामागच्या शेकोट्यांवर पण बंदी आली. आमच्या भोपळ्याला आतून काळी बुरशी धरली, तोंड आत वळलं, आणि एक दिवस सकाळी बघते तर खारीनं एक डोळा खाऊन मोठा केलेला. लेकाला वाईट वाटलं. हॅलोविनला टिकायला हवा असेल तर चार-पाच दिवस आधी कोरायचा, जास्त आधी नाही.

दुसरी चूक म्हणजे मी त्याच्या गराचे घारगे करायला गेले. इथे कोरायचे भोपळे वेगळे, मोठे, त्यांचा गर पाणचट आणि धाग्याधाग्यांचा असतो, खायचे ते छोटे, त्यांना शुगर पंपकिन म्हणतात. माझं पीठ सैल व्हायला लागलं, मी कणीक घालत गेले, गूळ घालत गेले, आणि शेवटी परातभर घारगे झाले ज्यांना भोपळ्याची चवच नव्हती. बिया मात्र धुवून, वाळवून, तेल, मीठ, हिंग, तिखट लावून ओव्हनमध्ये भाजल्या त्या दोन दिवसांत संपल्या.

दुसरा भोपळा २६ तारखेच्या शनिवारी घेतला. ह्या वेळी लेक म्हणाला नेहमीचं त्रिकोणी डोळ्यांचं तोंड नको, आपण नरकासुर करू. मी त्याला सांगितलेलं असलं तरी मला अपेक्षा नव्हती. कुडाळच्या भाच्याला मेसेज केला, त्यानं त्यांच्या वाडीत चालू असलेल्या मुखवट्याचे आठ-दहा फोटो पाठवले, ओला रंग चमकतोय, बाजूला ब्रशचे डबे. लेकानं त्यावरून कागदावर चेहरा काढला. मग भोपळ्याचं झाकण कापलं, सुरी तिरकी धरून, आतल्या बाजूला उतार देऊन, नाहीतर झाकण आत पडतं. कोपरापर्यंत हात घालून गर काढला, थंड, बुळबुळीत, धागे बोटांना गुंडाळतात, आणि तो कच्च्या काकडीसारखा वास. पुढची भिंत मोठ्या चमच्यानं खरवडून बोटाच्या एका पेराएवढी पातळ केली, कारण जाड राहिली तर करवत फिरत नाही आणि उजेड पण नीट पडत नाही. कागद टेपनं चिकटवून रेघेवर टाचणीनं भोकं पाडली, कागद काढला, आणि ठिपक्यांवरून कापायला सुरुवात.

सुळे अवघड. तोंडाच्या पोकळीत सुळे ठेवायचे म्हणजे त्यांच्या भोवतीचं कापून त्यांना तसंच लोंबतं सोडायचं, जरा जोर झाला की मोडले. एक मोडलाच, टूथपिकनं जोडला. जिभेला पूर्ण कापलं नाही, नुसती वरची साल सोलली, म्हणजे आत दिवा लावला की ती केशरी न दिसता मऊ पिवळी दिसते, ही युक्ती नवऱ्याची. तो पुण्याचा, लहानपणी दिवाळीचे किल्ले केलेला, चिखलात हात घालायची सवय. तिघंही डेकवर वर्तमानपत्र पसरून चार तास बसलो होतो, कोणी फोनला हात लावला नाही. मिशा माझ्या. कापलेल्या कडांना व्हॅसलीन लावलं की लवकर सुकत नाहीत, तेही केलं.

खरं तर हे भोपळे कोरणं आयर्लंडच्या लोकांनी इथे आणलं, तिकडे ते सलगम कोरायचे, इथे आल्यावर त्यांना भोपळा मिळाला, मोठा, मऊ, कोरायला सोपा. गाव सोडून आलेल्या माणसांनी हाताला जे मिळालं त्यात आपलं भूत बसवलं. आमचा नरकासुर त्याच भोपळ्यात बसला ह्याचं मला त्या दिवशी फार समाधान वाटलं.

३० तारीख, बुधवार. संध्याकाळी उजेड असताना आधी ग्रोव्हर्स मिलच्या व्हॅन नेस्ट पार्कला गेलो. तिथे १९८८ला, नाटकाला ५० वर्षं झाली तेव्हा बसवलेलं स्मारक आहे, ब्राँझचं, त्यावर माइकसमोर ऑर्सन वेल्स, रेडिओभोवती बसलेलं कुटुंब आणि वर ते यान. लेकानं हात फिरवून बघितलं. तळं आटून खाली गेलं होतं, पानं इतकी वाळलेली की चालताना आपलाच आवाज मोठा वाटत होता. जवळच झाडांमधे एक जुनी पाण्याची टाकी आहे, लाकडी, उंच पायांवरची, त्या रात्री कुणीतरी तिलाच मंगळवाल्यांचं यंत्र समजून गोळ्या झाडल्या असं सांगतात. झाडांमधून ती दिसली तेव्हा लेक काही बोलला नाही, पण गाडीत बसल्यावर दोनदा वळून बघितलं.

घरी आलो, आणि सव्वासातच्या सुमारास भावाचा फोन. तिकडे पावणेपाच, ३१ तारखेची पहाट, वेंगुर्ल्यात नरकासुर जळत होता. माझ्या हे आधी लक्षातच आलं नव्हतं, साडेनऊ तासांचा फरक, म्हणजे आमची ३०ची रात्र आणि त्यांची चतुर्दशीची पहाट एकच. व्हिडिओ सारखा अडकत होता, नुसता केशरी ठिपका हलायचा आणि थांबायचा, पण आवाज स्वच्छ. ढोल. मग फटाक्यांची माळ, मग पोरांचा ओरडा, आणि मधेच आईचा आवाज, "जळता हा गो चेडवा, दिसता मां तुका?" मी म्हटलं दिसतंय. दिसत नव्हतं. ऐकू येत होतं ते पुरे होतं, माझ्या हातावर काटा आला आणि बाजूला बघते तर लेक डोळे मिटून फोनला कान लावून बसलेला.

८ वाजता सगळे दिवे घालवले. खिडकीत फक्त भोपळा. जमिनीवर गाद्या टाकल्या आणि मधे स्पीकर.

नाटक सुरू होतं ते शांत. हवामानाचा अंदाज, मग हॉटेलातला ऑर्केस्ट्रा. मधेच संगीत तोडून बातमी, की मंगळावर स्फोट दिसलेत. परत ऑर्केस्ट्रा. परत बातमी. प्रिन्स्टनच्या वेधशाळेतून मुलाखत, मागे घड्याळाची टिकटिक. लेक कुजबुजला, "आपलं प्रिन्स्टन?" मी म्हटलं हो. आणि मग बातमीदार सांगतो की ग्रोव्हर्स मिलच्या शेतात काहीतरी पडलंय. तो अंधारात उठून बसला. दोन तासांपूर्वी आम्ही तिथेच उभे होतो.

पुढे तो बातमीदार शेतातून बोलतो, गर्दीचा आवाज, पोलीस, त्या सिलिंडरचं झाकण फिरायला लागतं, आतून काहीतरी बाहेर येतं, माणसं किंचाळतात, तो वर्णन करत राहतो, आवाज चढत जातो. हे काम करणाऱ्या फ्रँक रीडिक नावाच्या नटानं तयारी म्हणून हिंडेनबर्ग नावाच्या एअरशिपच्या अपघाताचं रेकॉर्डिंग परत परत ऐकलं होतं, ते एअरशिप १९३७ला ह्याच न्यू जर्सीत लेकहर्स्टला जळालं आणि तिथला रेडिओवाला रडत रडत बोलत राहिला होता. म्हणून तो आवाज नाटकातला वाटतच नाही. आणि मग बोलता बोलता मधेच, वाक्य अर्धं असताना, सगळं बंद.

काहीच नाही. संगीत नाही, खरखर नाही.

ती शांतता काही सेकंदांचीच आहे, पण आमच्या त्या खोलीत ती संपेना. बाहेर डेकवर पानं सरकली. लेकानं माझं मनगट धरलं, घट्ट, लहान असताना रस्ता क्रॉस करताना धरायचा तसं, आणि खिडकीकडे बघायला लागला, भोपळ्याच्या पलीकडे, जिकडे ते तळं आहे तिकडे. मी पण बघितलं. खरं सांगते, मी पण बघितलं.

उरलेलं नाटक त्यानं माझ्या मांडीवर डोकं ठेवून ऐकलं. संपल्यावर दिवा लावू का विचारलं तर म्हणाला, थांब ना जरा.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे सगळं एकदमच आलं. सकाळी पावणेसहाला उठून उटणं, अभ्यंगस्नान, कारीट इथे मिळत नाही म्हणून तुळशीच्या कुंडीपाशी छोटं कारलं अंगठ्यानं फोडलं, आणि चावदिसाचे, म्हणजे नरकचतुर्दशीचे पोहे, गूळपोहे आणि ताकातले पोहे. लेक पोहे खाऊनच शाळेत गेला. अमावस्या इथे ३१च्या सकाळीच लागली होती त्यामुळे लक्ष्मीपूजन पण त्याच संध्याकाळी, म्हणजे बरोबर हॅलोविनच्या वेळेला. दार उघडं, उंबऱ्यावर रांगोळी, दोन्ही बाजूंना पणत्या, आणि पायरीवर नरकासुर. साडेपाचपासून पोरं यायला लागली, थंडी नव्हतीच, बिनकोटाची, आणि एवढाली सांगाड्यांचे कपडे घातलेली पोरं रांगोळी पुसू नये म्हणून पाय उचलून उचलून टाकत होती. एका चिमुरड्या भुतानं, चादर पांघरलेल्या, आईचा हात धरून भोपळ्याच्या सुळ्याला बोट लावून बघितलं. मी कँडीबरोबर एकेक करंजी पण ठेवली होती, नटची ॲलर्जी नाही ना असं विचारून द्यायची.

लेकानं मागवलेला फुग्याचा डायनोसोर घातलाच नाही. नवऱ्याचा जुना ओव्हरकोट, एक हॅट, आणि पुठ्ठ्याचा माइक, १९३८चा बातमीदार. त्याच्या वयाच्या कुणालाच कळेना, तो प्रत्येक दारात सांगत सुटला होता. आमच्या कोपऱ्यावर एक वयस्कर गृहस्थ राहतात, त्यांनी दार उघडलं, त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "मग, शेतात काय दिसतंय?" लेकानं माइक वर धरला आणि सुरू झाला, इंग्रजीत, धापा टाकत, हात दाखवत, आणि बोलता बोलता मधेच थांबला. तसाच उभा राहिला. ते गृहस्थ पण काही बोलले नाहीत. मग त्यांनी अख्खा चॉकलेटचा डबाच त्याच्या बादलीत रिकामा केला.

१ तारखेला रात्री मी फराळाचे डबे भरत होते, तर लेक माझा फोन घेऊन माझ्या आईशी बोलत बसलेला. मला वाटलं दिवाळीचं बोलणं असेल. तो तिला विचारत होता की गिऱ्हा म्हणजे काय. गिऱ्हा आमच्याकडे पाण्यात राहतो, रात्री ओहोळावरून जाणाऱ्याला बोलावतो, माझ्या लहानपणी मला त्याच्यापायी संध्याकाळी विहिरीवर पाठवायची सोय नव्हती. आई म्हणाली, "सांगतंय, पण तू भियाशील रे झिला."

"आजी, थांब," तो म्हणाला. "आधी कॅमेरा बंद कर." मग त्यानं उठून खोलीतला दिवा घालवला आणि फोन उशीवर ठेवला.